खोलीत मागे राहिलेली मिशी

ज्या दिवशी कप्तानाची मिशी खोलीतच राहिली आणि कप्तान एकटा दार उघडून बाहेर पडला, त्या दिवशी ताई मुलीच्या शाळेत गेली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी ताईलाच धरलं.

कप्तान म्हणजे खरा कप्तान नव्हे, सिनेमातला. जहाज बुडवून, मिशी मात्र कोरडी ठेवून, तो बऱ्याच वर्षांनी आजारी आईला भेटायला घरी येतो. दारात उभा राहतो, विचार करतो, पुढे येतो, वाकतो, आईच्या कपाळावर ओठ टेकतो, रडतो, उठतो, जातो. सिनेमाचा सगळा जीव त्या एका शॉटमध्ये. अडचण एवढीच झाली की अर्धा सिनेमा संपल्यावर हिरोने मधल्या सुट्टीत दाढीच्या ब्लेडची एक जाहिरात केली. ब्लेड इतकं चांगलं होतं की मिशीही गेली. खोटी चिकटवावी तर डिंकाने हिरोला शिंका येत, आणि मरणाऱ्या आईच्या तोंडावर मुलाने शिंकावं हे दिग्दर्शकाला काही पटेना. म्हणून मिशी कॉम्प्युटरवर लावायची ठरली, आणि ते काम आमच्याकडे आलं.

आमच्याकडे म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खिडक्यांना काळे पडदे, प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन स्क्रीन, आणि खालून अधूनमधून कुणाच्यातरी दाढेची बातमी. आमचं काम चित्रावर चित्र बसवायचं. नको असलेला विजेचा खांब काढायचा, हवा असलेला चंद्र लावायचा, बघणाऱ्याला दोन्हींचा पत्ता लागू द्यायचा नाही. ह्याला कॉम्पोझिटिंग म्हणतात. ताईच्या सासूबाई ह्याला ‘सूनबाई मिशा लावते’ असं म्हणतात, आणि शेजारच्या बायका भुवया कोरून मिळतील का म्हणून विचारतात.

ताई आमच्यातली सगळ्यात जुनी. तिला सगळेच ताई म्हणतात, मालकसुद्धा, आणि मालक तिच्या वडिलांच्या वयाचे आहेत. मी इथे आलो तेव्हा मला एकच गोष्ट येत होती: आपल्याला सगळं येतं असा चेहरा करणं. ताईने ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि कुणालाही सांगितलं नाही. नुसती शेजारची खुर्ची ओढून म्हणाली, “बस रे शास्त्रज्ञा.” तेव्हापासून माझं नाव शास्त्रज्ञ. पगाराच्या कागदावर वेगळं आहे, पण तो मालक कुणाला वाचू देत नाहीत.

आता ह्या दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा मोठा होता, आणि मालकांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की कप्तानाचा शॉट पास झाला तर त्या सिनेमाच्या कामाची प्रमुख ताई. आजवर प्रत्येक मोठ्या कामाला मालक बाहेरून कुणीतरी आणत. तो यायचा, ताईला विचारून विचारून काम करायचा, आणि जाताना ताईलाच ‘छान साथ दिलीत’ असं सांगून जायचा. असे तिघे-चौघे ताईच्या हातून मोठे होऊन गेले. ह्या खेपेला तसं व्हायला नको होतं. शिवाय ताईने घरी सांगून टाकलं होतं, आणि घरी सांगून टाकलेली गोष्ट झाली नाही तर काय होतं, हे ज्याला घर आहे त्याला समजावून सांगायला नको.

तर मिशी.

सिनेमा म्हणजे एका सेकंदात चोवीस चित्रं, त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणायचं. कप्तान प्रत्येक फ्रेममध्ये थोडा हलतो, मग मिशीनेही हलायला हवं. किती आडवं, किती उभं, किती तिरकं, ह्याचे आकडे असतात. साधं काम असेल तर सॉफ्टवेअर ते आकडे आपले आपण काढतं. पण हिरो रडताना ओठ असा काही थरथरवतो की सॉफ्टवेअरने हात टेकले. त्याला ओठ कुठला आणि उशीची झालर कुठली हेच कळेना. मग ताईने सगळा शॉट हाताने केला. एक फ्रेम बघायची, मिशी सरकवायची, पुढची फ्रेम. सबंध महिना ती कप्तानाबरोबर रडली.

माझं काम त्यानंतरचं. सिनेमाची शेवटची जुळणी दुसऱ्या एका कंपनीत व्हायची होती, आणि त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं. आमची फाइल त्यांच्याकडे उघडत नाही, त्यांची आमच्याकडे. दोन घरांत बोलणं बंद असतं ना, तसं. त्यांना हवे होते नुसते आकडे, एका साध्या फाइलमध्ये, प्रत्येक फ्रेमची एक ओळ. हे हाताने उतरवून काढायचं तर माणूस म्हातारा होईल, म्हणून स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेला निरोप: पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत जा, मिशी कुठे आहे ते विचार, लिहून घे.

मी निरोप लिहिला. चालवला. फाइल झाली. फाइल परत आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये लावून पाहिली. कप्तान दारात उभा, विचार करतोय, मिशी ओठावर, झकास. तो बराच वेळ विचार करतो, मोठा नट आहे. मी त्याचा विचार संपेपर्यंत थांबलो नाही. मालक डोक्यावर उभे होते, “झालं का, झालं का,” आणि ताई मुलीच्या बाईंना भेटायला शाळेत. मी म्हटलं, झालं. मालकांनी ती फाइल आणि बरोबर माझ्या आकड्यांवरून बनवलेला शॉट दिग्दर्शकाकडे धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मालकांनी तो स्पीकरवर घेतला, कारण कौतुक सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटलं.

“तुम्ही पाहिलंत का स्वतः?” दिग्दर्शकाचा आवाज. फार शांत. शांत आवाजाचं मला भयच वाटतं.

“म्हणजे काय साहेब!”

“मग सांगा, कप्तान आईकडे जातो तेव्हा मिशी कुठे जाते?”

“कप्तानाबरोबर,” मालक म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात बरोबर आणि सगळ्यात चूक उत्तर.

मग आम्ही पाहिलं. कप्तान दारात उभा. विचार. मग तो पुढे निघाला आणि मिशी निघाली नाही. ती तिथेच दाराजवळ, माणसाच्या उंचीवर, हवेत. कप्तान वाकला, रडला, मिशी लांबून बघत राहिली. कप्तान उठला, दाराकडे आला, क्षणभर दोघांची भेट झाली, ओठ आणि मिशी जुळली, आणि तो तिच्यातून आरपार निघून गेला. दार बंद झालं. रिकाम्या खोलीत आई आणि मिशी. जणू तिला अजून थोडं बसायचं होतं.

खालून कुणीतरी ‘आऽऽ’ केलं.

“उद्या दुपारी मी स्वतः येतोय,” दिग्दर्शक म्हणाला. “हिरोलाही आणतोय. नीट नसेल तर हा शॉट आणि पुढचं काम, दोन्ही मी दुसरीकडे नेतो. राग नाही हं.”

फोन ठेवल्यावर मालक ताईकडे वळले. “ताई, महिनाभर केलेली मिशी अशी खोलीत ठेवून जातात का?”

ताईने आपली मूळ फाइल उघडली आणि शॉट चालवला. मिशी कप्तानाबरोबर गेली, वाकली, थरथरली, बाहेरही गेली. मग तिने शॉट मागे नेला आणि कप्तान आईच्या कपाळावर ओठ टेकतो तिथे थांबवून ठेवला.

“हे बरोबर आहे,” मालक म्हणाले.

“हो.”

“मग ते चूक कसं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या चेहऱ्यावर तो जुना चेहरा आपोआप आला, सगळं येतं तो. मी म्हटलं, “बघतो.”

मी ताईच्याच मशीनवर स्क्रिप्ट पुन्हा चालवली. नवी फाइल आली. लावली. ह्या वेळी मिशी दारात नव्हती. ती आईच्या कपाळावर होती. अगदी पहिल्या फ्रेमपासून. कप्तान अजून दारात उभा, बिनमिशीचा, आणि मिशी त्याच्या आधी पोहोचून आईच्या कपाळावर पडून आहे. कप्तान वाकला, मिशी ओठाला लागली, आणि तो उठून गेल्यावर आईकडेच राहिली. काल कप्तानाशी भांडली असेल तर आज सासूकडे राहायला गेली होती.

“मूड आहे तिचा,” मी म्हणालो. ह्याहून शास्त्रीय असं मला काही सुचेना.

आमच्याकडे मशीन सांभाळणारा एक गृहस्थ आहे, त्याला आम्ही वैद्य म्हणतो. त्याच्याकडे एकच औषध. तो म्हणाला, “बंद करून चालू कर.” केलं. मशीन चालू झालं, फाइल उघडली, स्क्रिप्ट चालवली, मिशी दारात. वैद्य म्हणाला, “सुधारणा आहे.” आणि निघून गेला.

दुपारपर्यंत मी ती स्क्रिप्ट इतक्या वेळा चालवली की मिशीने ती खोली माझ्यापेक्षा जास्त पाहिली. कधी पडद्याजवळ, कधी औषधाच्या बाटलीवर. माझ्या निरोपात तर काहीच चूक दिसत नव्हती. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत जा, असं स्वच्छ लिहिलेलं. ओळीही तितक्याच येत होत्या. फक्त प्रत्येक ओळीत तेच आकडे. व्हायरस असेल, फाइल बिघडली असेल, सॉफ्टवेअरचं लायसन रुसलं असेल, अशी सगळी पोथी मी ताईला वाचून दाखवली. ताई ऐकत होती. ती ऐकते. लोक नुसते थांबतात, आपली पाळी येईपर्यंत; ताई ऐकते.

मग ती उठून चहा आणायला गेली. जाताना शॉट मधेच थांबवून गेली. परत आली तेव्हा मी नवी फाइल लावून बसलो होतो.

“आता कुठे आहे?” तिने विचारलं.

“खुर्चीच्या पाठीवर.”

ताईने कप खाली ठेवला. “मी शॉट कुठे थांबवला होता?”

“कप्तान खुर्चीला धरून उठतो तिथे.”

“आणि वैद्याने मशीन चालू केलं तेव्हा? फाइल उघडली की कुठली फ्रेम समोर येते?”

“पहिली.”

“पहिलीत कप्तान कुठे?”

“दारात,” मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर काटा आला. चूक सापडायच्या आधी येतो तो काटा. त्याला अजून नाव नाही.

“मी जिथे थांबते तिथे ती थांबते,” ताई म्हणाली. “तू विचारतोस काय तिला नेमकं?”

मी स्क्रिप्ट उघडून दाखवली. प्रत्येक फ्रेमसाठी, मिशीची व्हॅल्यू, म्हणजे आकडे, सांग, लिहून घे.

“कधीची व्हॅल्यू?”

“अं?”

“अरे, तू माझ्या नवऱ्याला फोन केलास, कुठे आहात? ते म्हणाले, दुकानात. बरोबर सांगितलं. पण तू लिहिलंस काय? सकाळी सहा वाजता, दुकानात. सात वाजता, दुकानात. रात्री बारा वाजता, दुकानात. रविवारी, दुकानात. आता मी त्यांना घरात घेऊ की नको?”

चूक हीच होती. माझी स्क्रिप्ट एकेक फ्रेम मोजत पुढे जात होती हे खरं. पण प्रत्येक वेळी ती विचारत होती, ‘मिशी कुठे आहे?’ आणि सॉफ्टवेअर बापडं प्रामाणिकपणे ‘आत्ता’चं उत्तर देत होतं. त्याच्या दृष्टीने आत्ता म्हणजे समोर थांबवून ठेवलेली फ्रेम. मोजणारा मी पुढे पुढे जात होतो, विचारणारा मी जागच्या जागी उभा. विचारायला हवं होतं, ‘अमुक फ्रेमला मिशी कुठे आहे?’ सगळा फरक कंसात एक अक्षर लिहिण्याचा. मी ते लिहिलं. आयुष्यात इतकं कमी लिहून इतकं मोठं ओझं कधी उतरलं नव्हतं.

फाइल केली, लावली. कप्तान निघाला आणि मिशी निघाली.

मी हात वर करून उभा राहिलो. मला वाटलं, ताई पाठ थोपटेल. ती म्हणाली, “काल पण तू झालं म्हणाला होतास.”

“आज खरंच झालंय, ताई.”

“मग वाच.”

“काय वाचू?”

“तुझी फाइल. तू आकडे वाच, मी माझ्याकडे ती फ्रेम बघते. सगळ्या.”

तर आम्ही वाचायला बसलो. मी फ्रेमचा नंबर म्हणायचो, आडवा आकडा, उभा आकडा, तिरका आकडा. ती म्हणायची, “हं.” पुढची. “हं.” बाजूने जाणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी शाळेतले पाढे विसरलंय. सुरुवातीला मला कंटाळा आला. नंतर तसा कंटाळा यायला वेळच मिळेना, कारण आकडे बोलायला लागले. म्हणजे खरेच नाही. माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. पण चालता शॉट पाहताना जे डोळ्यांसमोरून निसटून जातं, ते एकेक आकडा तोंडाने म्हणताना निसटत नाही.

“ताई, इथे चूक आहे,” मी म्हणालो. “ओठ ह्या फ्रेमला हललाय. मिशी पुढच्या फ्रेमला.”

“केस आहेत ते. त्यांना उशिराच कळतं.”

मी पुढे गेलो. थोड्या फ्रेमनंतर आकड्यात एकदम उडी.

“आणि हे?”

ताईने वाकून पाहिलं आणि हसली. “तिथे मला शिंक आली होती. हात हलला.”

“मग दुरुस्त का नाही केलंस?”

“करायला गेले. तर बघितलं, कप्तानाचाही श्वास तिथेच अडकलाय. म्हटलं, जमलंय, राहू दे.”

मग मला चटकच लागली. एका ठिकाणी आकडे इतके सरळ, इतके ताठ, की मिशीला इस्त्री केलेली. “इथे कडक झालीय मिशी.”

“कितवी फ्रेम? हां. त्या दिवशी मालक म्हणत होते ना, बाहेरून कुणी मिळतो का बघू.”

“आणि इथून पुढे एकदम मऊ.”

“लेकीचा ताप उतरला त्या दिवशी.”

“ताई, कप्तान आईपाशी रडतोय, आणि तू तिथे आनंदात होतीस?”

“रडणारा माणूस नीट दिसायला बघणाऱ्याचं चित्त ठिकाणावर लागतं, शास्त्रज्ञा. वाच पुढे.”

मी वाचलं. गोष्ट अशी की मी तिच्या शेजारी इतके दिवस बसत होतो आणि मला वाटायचं, ताई मिशी सरकवते. सरकवतेच. पण तिने प्रत्येक फ्रेमला एका परक्या माणसाच्या तोंडाकडे असं पाहिलं होतं, जसं माझ्याकडे आजवर फक्त आईने पाहिलंय, आणि तेही मी जेवत नसताना. आणि हे सगळं कुणाला दिसू नये म्हणून. दिसलं तर काम फसलं. काल मी न लिहिलेल्या एका अक्षराने ती सगळी फ्रेमन् फ्रेम पुसून एकच फ्रेम ठेवली होती, आणि वर तिचं नाव लावून पाठवली होती. त्याबद्दल सकाळपासून ती मला एक शब्द बोलली नव्हती. मला आधी वाटलं, विसरली असेल. मग आठवलं, ही बाई शिंकसुद्धा विसरत नाही.

संध्याकाळी वाचन संपलं. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. ताईने मनगट दाबत म्हटलं, “आता म्हण.”

“झालं,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे आले. हिरो आता तिसऱ्याच सिनेमासाठी दाढी वाढवत होता आणि गरम पाणी पीत होता. दिग्दर्शक खुर्चीत बसायच्याही आधी म्हणाला, “परवाचं ते कुणी केलं होतं?”

मालकांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, “शॉट माझा आहे, साहेब. जे गेलं ते माझ्या टेबलावरून गेलं.”

आता इथे गप्प राहणं फार सोपं होतं. टेबल खरंच तिचं होतं. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, “टेबल ताईचं, चूक माझी.”

दिग्दर्शक वळला. “तू कोण?”

“शास्त्रज्ञ,” मी म्हणालो, कारण त्या क्षणी मला माझं दुसरं नाव आठवेना.

“काय चूक केलीस?”

“सगळ्या फ्रेमना विचारायचं होतं. मी एकीलाच विचारलं आणि तिचं उत्तर सगळ्यांच्या नावावर लावलं.”

“निवडणुकीआधी टीव्हीवाले करतात तसं,” तो म्हणाला.

“तसंच, साहेब. पण ताईचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. आम्ही काल सगळे वाचून पाहिलेत. मोठ्याने.”

“मोठ्याने?” हिरोने विचारलं. त्याला त्यात काहीतरी अभिनयाचं वाटलं असावं.

पडदे ओढले, शॉट लावला. कप्तान दारात. विचार. मी त्याचा विचार ह्या वेळी पूर्ण ऐकला. तो निघाला, मिशी निघाली. वाकला. शिंकेच्या फ्रेमला मी दिग्दर्शकाकडे चोरून पाहिलं, पण तिथे कप्तानाचा श्वास अडकला आणि पुढे गेला, बस. तो उठला, बाहेर पडला, दार लागलं. खोलीत आई एकटी.

हिरो म्हणाला, “छान. आता तो मिशी लावलेला शॉट दाखवा.”

“हाच तो,” मालक म्हणाले.

“हा नाही हो. ह्यात माझी मिशी आहे. ज्यात तुम्ही लावलीय तो.”

“तू ती काढली होतीस,” दिग्दर्शक म्हणाला. “ब्लेडची जाहिरात.”

“ती ह्याच्यानंतर.”

“आधी.”

“मला माझी मिशी ओळखता येत नाही का? इतकी वर्षं तोंडावर वागवलीय.” तो स्क्रीनजवळ गेला, वाकून बघितलं, स्वतःच्या दाढीला हात लावला. त्याचा चेहरा हळूहळू कप्तानासारखा झाला, दारात उभा असतो तेव्हाचा. “मग ही कुणाची आहे?”

ताई म्हणाली, “तुमचीच. मी फक्त जागेवर ठेवली.”

हिरोने मान डोलावली. हे उत्तर त्याला फार आवडलं. त्याने शॉट पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळी स्वतःच्या अभिनयाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रडलो असतो, पण माझ्याकडे अभिनय नव्हता.

दिग्दर्शकाने मात्र शॉट बघणं केव्हाच सोडलं होतं. तो ताईकडे बघत होता. “पुढच्या सिनेमात चाळीस घोडे आहेत,” तो म्हणाला. “शेपट्या नाहीत.”

“का?” मालक म्हणाले.

“विचारू नका. एकाच माणसाने एकाच सकाळी कापल्या, आणि तो माझा मेहुणा आहे.” त्याने कपाळ चोळलं. “सगळ्या लावाव्या लागतील. पळताना, थांबताना, पावसात.”

मालकांचा हात खिशाकडे गेला. तिथे बाहेरच्या एका माणसाचं कार्ड होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. “प्रमुख म्हणून आम्ही एक फार अनुभवी...”

“तुम्ही परवा शॉट पाठवताना काय सांगितलं होतंत मला?” दिग्दर्शक म्हणाला. “शॉट पास झाला तर ताई. शॉट पास आहे. ह्यांच्याशिवाय कुणी शेपटीला हात लावायचा नाही.”

मालकांचा हात खिशातून रुमाल घेऊन बाहेर आला. त्यांनी तो नाकाला लावला आणि म्हणाले, “मी तेच म्हणत होतो.” मालक मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांना ते वेळेवर आठवत नाही.

ताईने विचारलं, “हवा कुठल्या बाजूने होती, ते लिहून ठेवलंय का कुणी?” तिचा आवाज नेहमीचाच. पण तिने खुर्चीचा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. दिग्दर्शक म्हणाला, नाही लिहिलं. ती म्हणाली, “मग घोड्यांनाच विचारू. एकेका फ्रेमला.” आणि माझ्याकडे बोट केलं. “हा विचारेल. आता येतं त्याला.”

‘आता येतं त्याला’ हे आजवर माझ्याबद्दल कुणी म्हणालं नव्हतं. आई म्हणते, ‘येईल त्याला’. बाबा म्हणतात, ‘त्याला?’ मला ताईचे आभार मानायचे होते. मनात मी एक मोठं वाक्य जुळवलं, त्यात ‘ऋण’ हा शब्दही होता. तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं, “ताई, खुर्ची देऊ?” ती खुर्चीवरच बसली होती. ती म्हणाली, “दे.” मी दुसरी दिली. ती तिने पायाखाली घेतली. तेवढ्यावर आमचं समजलं.

ते दोघे गेल्यावर ती खिडकीशी गेली, पडदा थोडा बाजूला केला आणि नवऱ्याला फोन लावला. भावोजी दुकानात असतात, गिऱ्हाइकांच्या गलक्यात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्याशी खाजगी बोलणं असं काही नसतंच. आम्ही सगळे फार कामात असल्यासारखे आपापल्या स्क्रीनकडे बघत राहिलो.

“अहो, मिळालं,” ताई म्हणाली.

“काय मिळालं?”

ती सांगायला गेली, पण आवाज मधेच बसला. तिने घसा खाकरला आणि जेवढं निघालं तेवढंच बोलली. “घोडे.”

तिकडे दुकानाचा गलका. कुणीतरी खिळे मागत होतं.

“किती?” भावोजींनी विचारलं.

“चाळीस.”

“अरे वा,” भावोजी म्हणाले. “ठेवायचे कुठे?”

ताई भिंतीकडे तोंड करून हसायला लागली. खांदे हलत होते, आणि बराच वेळ हलतच राहिले. मी शहाण्यासारखा चहा सांगायला खाली गेलो.